झालं का रिकामं?

लिफ्टचं दार उघडलं आणि आत बोलत असलेली चार माणसं एकदम गप्प झाली. एवढंच झालं. कुणी मला वाईट बोललं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. उलट गारव्याचं खातं सांभाळणाऱ्या थंडोबानं लगबगीनं सरकून मला जागा करून दिली. आता या लिफ्टमधून कपाटाएवढाले पंप खाली जातात, तिथे एका सडपातळ बाईसाठी सरकायची काय गरज होती? पण तो सरकला. चुंबकवाल्यांच्या प्रमुखानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि बाकीच्या दोघांनी छताकडे. लिफ्टला बोगद्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात आम्ही पाच जण, जे एरवी एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, हवापाण्याबद्दलसुद्धा बोललो नाही. खाली पोचल्यावर सगळे "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत थांबले आणि मी एकटीच बोगद्यात पुढे निघाले. मागे पुन्हा कुजबुज सुरू झाली. मी वळून पाहिलं नाही. मान ताठ ठेवायची असं ठरवलं, आणि डोक्यावर हेल्मेट असलं की ती तशीही ताठच राहते.

काय बोलत असतील ते कळायला ज्योतिषी नको होता. रविवारी संध्याकाळपासून यंत्राच्या चौथ्या खंडात, म्हणजे बोगद्याच्या चौथ्या टप्प्यात, माझ्या खात्याला गळती दिसत होती. आज मंगळवार. गुरुवारी यंत्रात कणांचा पहिला झोत सोडायचा ठरला होता आणि महिनाअखेरीला मी निवृत्त होणार होते. या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की कुणालाही बेरीज करता येते: सगळं नीट केलं बाईंनी, शेवटी मात्र माती खाल्ली. 'बिचारी' हा शब्द त्या लिफ्टमध्ये नक्की उच्चारला गेला असणार. मला कुणी आगाऊ म्हटलेलं चालतं, तोंडाळ म्हटलेलं तर फारच चालतं, पण 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या फिरलेल्या डोक्यानंच मी चौथ्या खंडापर्यंत चालत गेले, आणि पुढे जे झालं त्यात त्या फिरलेल्या डोक्याचा वाटा थंडोबाइतकाच होता, हे मी आजही कबूल करते, फक्त त्याच्यासमोर करत नाही.

आमचं यंत्र म्हणजे शहराच्या पोटात खोल खणलेला एक प्रचंड गोल बोगदा आणि त्यातून फिरवलेली नळी. अणूच्याही आतले कण नळीतून उलटसुलट पळवायचे, त्यांची टक्कर घडवायची आणि काय उडतं ते बघायचं. कणांनी वळावं म्हणून चुंबकं. चुंबकांनी जोर धरावा म्हणून ती भयंकर गार ठेवायची, आणि त्यासाठी द्रवरूप हेलियमचे पाट वाहवायचे. ते खातं थंडोबाचं. माझं खातं सांगायला सगळ्यांत सोपं: आत काही नको. नळीत हवा नको, आणि चुंबकं ज्या लांबलचक डब्यांत ठेवली आहेत त्यांच्या भिंतींमध्येही नको, कारण ते डबे म्हणजे थर्मास आहेत. भिंतींमध्ये हवा शिरली की थर्मासचं भांडं होतं. तर मी बावीस वर्षं हवा बाहेर काढते आहे. लोक मला पोकळीवाली म्हणतात. माझ्या आईला हे काम सगळ्यांच्या आधी समजलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आमच्याकडेच असते, आणि शेजारणींना सांगते, जावई पोहायला शिकवतो ते कळतं तरी, आमची मुलगी मात्र पाइपात काही नाही भरते. रोज संध्याकाळी मी दारात चपला काढते न काढते तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "झालं का रिकामं?" मी म्हणते, "अजून थोडं आहे." थट्टा म्हणून सुरू झालेलं हे आता आमच्या घरात दिवा लावण्यासारखं झालं आहे, मी परगावी गेले की ती फोनवर विचारते. आणि माझं उत्तर खोटंही नसतं. कितीही उपसा, पोकळीत अजून थोडं असतंच.

याची सुरुवात खरं तर तिच्याच पेल्यानं झाली. लहानपणी मी स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा जोरात ओढून घ्यायची आणि हात सोडून घरभर हिंडायची. पेला चिकटून बसायचा. डोळे मोठे करून मी वडिलांच्या समोर जाऊन उभी राहायची, ते वर्तमानपत्र बाजूला करून मला गंभीरपणे नमस्कार करायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे. आई मात्र ओरडायची, कारण पेला निघाल्यावर ओठांभोवती लालभडक वर्तुळ उमटायचं आणि ते घेऊनच मी शाळेत जायची. मला ते वर्तुळ नको असायचं. मला आवडायचं ते ओढलं जाणं, गालांची कातडी ताणली जाणं, आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटणं. आत तर कुणीच नाही. पुढे शिकताना कळलं की आतून कुणी धरत नाही, बाहेरची हवा ढकलते. मला हे वाचून थोडं वाईट वाटलं होतं, आणि एवढ्या वर्षांनंतरही माझा त्यावर पुरता विश्वास बसलेला नाही.

चौथ्या खंडाच्या टोकाला आमचं गळती शोधायचं यंत्र जोडलेलं होतं. त्याला सगळे नाकाड्या म्हणतात. नाकाड्याला फक्त हेलियमचा वास येतो, बाकी कशाचा नाही. थर्मासच्या पोकळीत हेलियम दिसला की तो पडद्यावरची रेघ वर चढवतो. रविवारपासून रेघ चढत होती. भरभर नाही, सावकाश, एखादा पाहुणा सोफ्यावर हळूहळू पसरत जातो तशी. आणि याचा अर्थ प्रत्येकाला माहीत होता: आतल्या थंड नळ्यांपैकी एकीला कुठेतरी केसाहून बारीक भोक पडलं आहे आणि थंडोबाचा हेलियम माझ्या पोकळीत येतो आहे. तसं असेल तर उपाय एकच. अख्खा खंड हळूहळू गरम करायचा, डबा उघडायचा, भोक शोधायचं, बुजवायचं, पुन्हा रिकामं करायचं, पुन्हा गार करायचं. तीन-चार महिने सहज. तोवर मी घरी. पहिला झोत फिरेल तेव्हा मी बहुधा भाजी निवडत असेन आणि मला टीव्हीवरून कळेल. मला भाजी निवडायला आवडतं. पण बावीस वर्षं रिकामी केलेली नळी, आणि तिच्यातून पहिल्यांदा काही जाणार तेव्हा आपण तिथे नसायचं, या विचारानं मला शाळेतल्या मुलीसारखं रडू यायचं, आणि ते मी हेल्मेटच्या पट्ट्यावर खपवायची, की फार घट्ट झालाय.

माझी सहायक, जिला मी धाकटी म्हणते, तिनं दोन दिवस डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं होतं. नाकाड्याला वेगळं करून पाहिलं. तो ठणठणीत होता, हेलियम खरोखरच आत होता. मग छोटा शोधक हातात घेऊन ती खंडाच्या प्रत्येक जोडावरून फिरली, बाहेरून कुठे हेलियम शिरतो आहे का ते पाहायला. कुठेच नाही. राहिली होती फक्त टोकाची एक बंद खोली. त्या खोलीत आमच्या डब्याचं शेवटचं झाकण आहे, मोठ्या परातीएवढं, रबराच्या कड्यावर बसवलेलं. खोली थंडोबाच्या लोकांची, सिलिंडर ठेवायची. मी पोचले तेव्हा धाकटी त्या दाराशीच उभी होती. म्हणाली, याची किल्ली मागायची का? मागून थंडोबा येतच होता. मी विचारलं, आत काय आहे. तो म्हणाला, "काही नाही, ताई. मी कालच बघितलं. दोन रिकामे सिलिंडर आहेत, बस." बोलताना तो माझ्याकडे न बघता दाराच्या कडीकडे बघत होता.

आता मी बावीस वर्षं लोकांना शिकवत आले आहे की पोकळीच्या धंद्यात सख्ख्या भावाच्या शब्दावरही जाऊ नये. कुणी "मी पुसलंय" म्हटलं की आपण पुन्हा पुसायचं. एकदा एका कारागिरानं हातमोजा काढून नळीच्या आत अंगठा टेकवला होता, एकदाच, घाम आला म्हणून. त्या एका अंगठ्याचा तेलकटपणा आम्ही पुढे महिनाभर उपसत होतो, आणि तो बिचारा अजून मला लांबून पाहिलं की अंगठा मुठीत लपवतो. तीच मी त्या दाराशी उभी राहून "बरं" म्हणाले. का, तर लिफ्ट. त्या चौघांनी गप्प होणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी दार उघडायला लावलं असतं तर ते काय म्हणाले असते? बाई आता झाकणं, कोनाडे, कुणाच्यातरी खोल्या, काहीही शोधायला लागल्या, दोष आपल्या माथी येऊ नये म्हणून. थंडोबा माझा इतक्या वर्षांचा दोस्त, त्याच्या खोलीकडे बोट दाखवायचं आणि आत खरंच दोन रिकामे सिलिंडर निघायचे. नको. मी धाकटीला म्हटलं, राहू दे. थंडोबानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला त्याचाही अर्थ कळायला हवा होता. पण मी तो त्याला माझी कीव येण्याच्या खाती जमा केला.

परत येताना मी मुद्दाम चालत आले. बोगद्यात वरचं शहर दिसत नाही, पण मला ते चुंबकांच्या क्रमांकांवरून पाठ आहे. इथे वर शाळा, इथे लाँड्री, इथे तो दातांचा डॉक्टर ज्याच्या पाटीवरचा दात हसतो. पुढे एक चुंबक आहे ज्याच्या बरोबर वर आमचं स्वयंपाकघर येतं. मोजणी करणाऱ्यांनी मला ते हौसेनं काढून दिलं होतं. तिथून जाताना मी नेहमी वर बघते, काँक्रीटकडे, आणि मनात आईला हाक मारते. त्या दिवशी मारली नाही. तिनं विचारलं असतं.

तिनं संध्याकाळी विचारलंच. मी म्हटलं, "अजून थोडं आहे," आणि माझा आवाज बहुतेक नीट निघाला नसावा, कारण ती ओले हात पुसत बाहेर येऊन मला बघून गेली आणि तिनं माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. जेवताना नवऱ्यानं विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? मी म्हटलं, मला वाटतं आत भोक नाही. मग तसं सांगून टाक की, तो म्हणाला. त्याचं सगळं असं असतं. पाण्यात उडी मारायची आणि मग हातपाय हलवायचे. मी त्याला सांगत बसले की भोक नसावं असं मला इतकं वाटतंय, इतकं वाटतंय, की त्यामुळे माझं मत आता बाद धरायला हवं. दुसऱ्या कुणाच्या खंडात अशी रेघ चढली असती तर मी पहिल्याच दिवशी काय म्हणाले असते? गरम करा, म्हणाले असते. त्यानं घास संपवला. मग म्हणाला की नवशिके पाण्याखाली डोळे मिटून घेतात आणि हात पुढे करून काठ शोधतात. काठ समोरच असतो, पण ते डोळे उघडत नाहीत, कारण डोळ्यांना झोंबेल अशी भीती असते. मी म्हटलं याचा माझ्याशी काय संबंध. तो म्हणाला, काही नाही, आज शिकवताना आठवलं. आई मध्येच म्हणाली, पाणी तापवून ठेवलंय, पाय शेकून घे. घरात तीन माणसं असली की सल्ले तीन असतात आणि त्यांतला एक तरी पाय शेकण्याचा असतो. मी शेकले. बरं वाटलं.

बुधवारच्या बैठकीत सगळे होते. भिंतीवर नाकाड्याची रेघ मोठी करून लावली होती. आणि तिच्यात एक गंमत झाली होती: सकाळपासून तिची चढण कमी झाली होती. अगदी जरा. चुंबकवाल्यांच्या प्रमुखानं ते आधी दाखवलं, मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, आणि खोलीभर खुर्च्या करकरल्या. भोकातून येणारा हेलियम असा दमत नाही हे मलाही माहीत होतं. माझं काळीज एकदम उचललं गेलं आणि त्याच क्षणी मी त्याला खाली बसवलं. कारण हे मला हवं होतं ना. हवं असलेलं दिसायला लागलं की मी चष्मा पुसते, ही माझी जुनी सवय. संचालक शांत माणूस आहेत. त्यांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले की अजून दोन दिवस थांबून बघता येईल, निर्णय तुमचा, तुम्ही म्हणाल ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, लिफ्टमधले चौघंही. मला वाटलं, हेच ते. इथे मी 'थांबू या' म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. झोत सुटेल. मी तिथे असेन. आणि मी गेल्यानंतर महिन्याभरात ते बारीक भोक मोठं होईल आणि धाकटी त्या बोगद्यात उभी राहून निस्तरत बसेल.

"गरम करा," मी म्हणाले.

"नक्की?" संचालकांनी विचारलं.

"नक्की नाही, सर. पण मला जे वाटतंय त्यात माझा फार स्वार्थ आहे. म्हणून ते धरू नका. रेघ धरा. रेघ चढते आहे, आणि का ते आपल्याला माहीत नाही."

बोलून झाल्यावर मला चक्क हलकं वाटलं. दात काढून झाल्यावर जीभ त्या मोकळ्या जागेत फिरते तसं काहीतरी. मी वही मिटली, पेन शोधायला लागले, आणि तेवढ्यात थंडोबाची खुर्ची मागे पडली. तो उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस, ज्याच्या खात्यातला पाइप एकदा फुटला तेव्हा तो आधी चहा संपवून मग उठला होता आणि तेव्हापासून ज्याचं नाव थंडोबा पडलं, तो घामाघूम झाला होता. "सर, दहा मिनिटं द्या," तो म्हणाला. "ताई, जरा खाली चला. आत्ता." लिफ्टमध्ये तो आणि मी दोघंच होतो आणि तो मधूनमधून कपाळावर हात मारत होता. धाकटी मागच्या लिफ्टनं धावत आली, छोटा शोधक हातात घेऊन. थंडोबानं खिशातून किल्ली काढली, त्या टोकाच्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाला.

आत फुगे होते. लाल, पिवळे, निळे, खोलीभर, गुडघ्याएवढ्या उंचीवर रेंगाळत, काही जमिनीवर लोळत, सुरकुतलेले, मलूल. भिंतीवर रंगीत कागदाचा पट्टा होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोकळीवाल्या ताईंना भरभरून शुभेच्छा'. त्याचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं. धाकटीनं शोधक दारात नुसता पुढे धरला आणि तो कोकलायला लागला.

"ताई, हे शनिवारी छताला होते," थंडोबा म्हणाला.

त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, पण मला आता सगळं एका दमात दिसत होतं. झोत सोडण्याआधी बोगदा बंद करताना एक शेवटची शोधफेरी होते. कुणी आत राहिलं नाही ना, हे पाहत अख्ख्या बोगद्यातून चालायचं, प्रत्येक खोली उघडून आत बघायचं, कुलूप लावायचं आणि पुढे जायचं. ही फेरी सोमवारी व्हायची होती आणि ती करायचा मान मला दिला होता. मी टोकाची ही खोली उघडली असती आणि माझ्या वयाइतके फुगे, म्हणजे साठ, छतावरून माझं स्वागत करणार होते. फुगे थंडोबाच्या लोकांनी शनिवारीच भरले, स्वतःच्या हेलियमनं, हात सैल सोडून. त्यांच्याकडे तो टनांनी असतो, त्यांना फुग्याचं ते काय. रविवारी रेघ चढायला लागली. रेघ चढली म्हणून माझी फेरी पुढे गेली. फेरी पुढे गेली म्हणून फुगे आत अडकले, आणि अडकले म्हणून झिरपत राहिले, आणि बंद खोलीतला तो सगळा हेलियम शेवटच्या झाकणाच्या रबरातून हळूहळू माझ्या पोकळीत मुरत राहिला. थंडोबाला हेलियमचं सगळं कळतं, पण त्याच्या नळ्यांना जोड असतो तो वितळवून सांधलेल्या धातूचा. घट्ट बसवलेल्या रबरातूनही हेलियम पाझरतो हे आमच्या खात्यातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि आमच्या खात्यातल्या एकालाही फुग्यांबद्दल सांगितलं नव्हतं. का, असं मी विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पोकळीवाल्यांच्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणाले."

मला राग आला. तो सांगते कसा आला: आधी कानांत, मग हातांत. मी त्याला म्हटलं की अरे गाढवा, मी अख्खा खंड गरम करायला निघाले होते. तो म्हणाला, म्हणूनच तर. आत्ता तिथे बसल्या बसल्या रेघ दमलेली दिसली आणि माझ्या डोक्यात फुगे आले, तेही दमले असणार. आधी का नाही आले डोक्यात? तो म्हणाला, आधी डोक्यात फक्त एवढंच होतं की ताईंना कळता कामा नये. काल तुम्ही इथे दाराशी उभ्या राहिलात तेव्हा तर माझं धाबंच दणाणलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक पिवळा फुगा, ज्याच्यात अजून थोडा जीव होता, उघड्या दाराच्या वाऱ्यानं उचलला जाऊन अगदी सावकाश माझ्या हेल्मेटवर टेकला आणि तिथेच राहिला. धाकटी आधी हसली. मग मी. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं, त्या मलूल फुग्यांमध्ये, फरशीवर, आणि हसता हसता रडूही आलं आणि या वेळी मी ते पट्ट्यावर ढकललं नाही. लिफ्टमध्ये ते गप्प का झाले होते ते मला आता समजलं होतं. मी त्या गप्प होण्याचा किती मोठा डोलारा उभा केला होता, आणि त्यात नव्हतं काही. ते आपले फुग्यांबद्दल बोलत होते.

नंतरचं काम सरळ होतं. फुगे बाहेर काढले, खोलीत पंखे लावून हवा खेळवली, आणि मी वर जाऊन संचालकांना म्हटलं की निर्णय मागे घेत नाही, फक्त थोपवून धरते. रेघ स्वतः उतरली तरच मी माझा शब्द बदलेन. ते म्हणाले, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिहा, स्थानिक हेलियम. दुपारभर धाकटी आणि मी नाकाड्यासमोर बसून राहिलो. आधी रेघ आडवी झाली. मग तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशीही ती उतरतच राहिली, आणि शुक्रवारी मी शब्द बदलला.

सोमवारी मी शोधफेरी केली. एक आठवडा उशिरा, पण माझीच. प्रत्येक दार उघडलं, आत पाहिलं, कुलूप लावलं. त्या खोलीत खरोखरच दोन रिकामे सिलिंडर होते. आमच्या स्वयंपाकघराखाली आल्यावर मी वर बघून आईला हाक मारली, मनात नाही, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं आणि कुणी नसल्याची खात्री करणं हेच तर माझं काम होतं. वर आले तेव्हा नियंत्रणकक्ष खच्चून भरला होता. आमच्याकडे पद्धत अशी की बोगद्यात जाणारा प्रत्येक जण दाराजवळच्या फळीवरून एक किल्ली काढून बरोबर नेतो. सगळ्या किल्ल्या फळीवर परत आल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, कारण किल्ली बाहेर म्हणजे माणूस आत. सगळं तयार झालं, सगळे दिवे हिरवे झाले, एक सोडून. फळीवर एक किल्ली कमी होती. धावपळ झाली, आत कोण राहिलं म्हणून नावं पुकारली गेली, थंडोबा तर स्वतःच्या माणसांची डोकी मोजायला लागला. मीही इकडेतिकडे बघत होते. मग धाकटी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या मुठीत."

होती खरी. इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दाते उमटले होते. मी ती परत करायला विसरले नव्हते. माझा हात विसरला होता, किंवा त्यालाही कळत होतं की ही एकदा फळीवर गेली की पुन्हा काढायचं कारण उरणार नाही. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि कुणी घाई करत नव्हतं. बावीस वर्षं मी या लोकांना दम देत आले, की आत काही ठेवू नका, काही सोडू नका, आणि आता यंत्र अडून बसलं होतं ते माझ्या एका मुठीमुळे. मला हसू आलं. मी फळीपर्यंत गेले, किल्ली तिच्या जागी घातली आणि फिरवली. दिवा हिरवा झाला. मग पडद्यावर एक ठिपका उमटला, आणि झोत अख्खं शहर खालून फिरून परत आला तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा. दोन ठिपके. लोकांनी टेबलं वाजवली, संचालकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग तो डोळ्यांवर शोधत बसले. मी नुसती बघत होते. रिकामी होती नळी. अगदी रिकामी.

घरी आले तेव्हा माझ्या पिशवीला तो पिवळा फुगा बांधलेला होता, जवळजवळ चपटा. बसमधल्या एका बाईंनी मला विचारलंही होतं, नातवाला का? मी म्हटलं, नाही, मला मिळालाय. दारात चपला काढल्या.

"झालं का रिकामं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"झालं, आई."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली, हातात मोठं पातेलं तसंच. तिनं माझ्याकडे बघितलं, फुग्याकडे बघितलं. मग विचारलं की आता त्या पाइपातून काय जातंय. मी तिला सांगितलं, कण जातायत, आत्ता, या क्षणी, तू उभी आहेस तिथून सरळ खाली. दर सेकंदाला हजारो वेळा येतात आणि जातात. ती खाली फरशीकडे बघत राहिली. पाय जरा बाजूला घेतला.

"मग जरा हळू वावरायला हवं," ती म्हणाली, आणि पातेलं तिनं ओट्यावर असं ठेवलं की आवाज झालाच नाही. मध्ये शंभर मीटर खडक आहे, वर रणगाडे फिरले तरी खाली काही होत नाही, हे मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही. मीही पाय न वाजवता आत गेले.